संत्र्याचा फुलोराही मोजा : कृषी खात्याला आणि संशोधकांना खुले पत्र

प्रति,
मा. कृषी आयुक्त, महाराष्ट्र राज्य, पुणे
मा. संचालक, केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था, नागपूर
मा. कुलगुरू, डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, अकोला

सादर नमस्कार.

ऑगस्ट-सप्टेंबरात संत्र्याला गळ लागली की वरूड, मोर्शी, काटोल, नरखेड, चांदूर बाजार अशा सगळ्या पट्ट्यात धावपळ सुरू होते. झाडाखाली फळांचा सडा पडलेला दिसतो, फोटो निघतात, तहसीलवर निवेदने जातात, पंचनाम्याची मागणी होते, शास्त्रज्ञ बांधावर येतात. ही गळ खरी आहे आणि तिच्यावर काम व्हायलाच हवे. पण आंबिया बहाराचे, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुलणाऱ्या हंगामाचे, फार मोठे नुकसान त्याच्या कितीतरी आधी, फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत होऊन गेलेले असते. त्याचा पंचनामा कोणी करत नाही, कारण पंचनामा करायला जमिनीवर फळच नसते. करपलेले फूल आणि मिरीएवढी गळालेली कोवळ्या फळाची गाठ दोन दिवसांत वाळून वाऱ्यावर जाते. हे पत्र त्या नुकसानाबद्दल आहे.

माझी मागणी आधीच सांगून टाकतो. वाढत्या तापमानाने संत्र्याच्या फुलोऱ्याचे, परागीभवनाचे आणि फळधारणेचे किती नुकसान होते, हे आमच्या बागांमध्ये दरवर्षी मोजा. विमा, बहाराचे वेळापत्रक, फवारणीच्या शिफारशी आणि नव्या वाणांची निवड या सगळ्याला त्या मोजणीचा पाया द्या.

मोजणीचा आग्रह का, ते झाडाच्या स्वभावातून कळेल. लिंबूवर्गीय झाड फुलांच्या बाबतीत फार उधळे असते. मोठ्या झाडावर हजारोंनी कळ्या येतात आणि काढणीपर्यंत शंभरातली एक-दोन टिकली तरी बहार चांगला म्हणायचा. १९६० साली प्रसिद्ध झालेल्या कॅलिफोर्नियातल्या एका अभ्यासात वॉशिंग्टन नेव्हल जातीच्या एका झाडावर जवळपास २ लाख कळ्या मोजल्या होत्या. शेवटी हाती आलेली फळे ५०० च्याही आत होती. आमच्या वरूडला लोक कौतुकाने कॅलिफोर्निया म्हणतात. त्या कॅलिफोर्नियात साठ वर्षांहून अधिक काळापूर्वी कोणीतरी झाडाखाली बसून कळ्या मोजल्या, आणि मला त्या माणसांबद्दल मनापासून आदर वाटतो.

आता यातला हिशेब पाहा. शेकडा दोन फुले टिकत होती तिथे उष्णतेमुळे एकच टिकले, तर बागेत उभ्या असलेल्या माणसाला काही वेगळे दिसत नाही. शंभरातली अठ्ठ्याण्णव गळायची ती नव्व्याण्णव गळली, एवढेच. झाड तेवढेच पांढरे दिसले, वासही तेवढाच दरवळला. उत्पन्न मात्र निम्म्यावर आले. ‘बार चांगला फुटला होता, पण धरला नाही’ हे वाक्य आमच्याकडे दर दोन-तीन वर्षांनी गावोगाव ऐकू येते. का धरला नाही, याला आकड्यांचे उत्तर नसते. मग कोणी हवेला बोल लावतो, कोणी कलमाला, आणि बाजारातल्या टॉनिकच्या बाटलीवर पैसे जातात. डोळ्यांना न दिसणारा फरक मोजूनच कळतो.

आंबिया बहार फेब्रुवारीत सुरू होतो असे बाहेरच्याला वाटते. त्याची खरी सुरुवात डिसेंबरात होते. पाणी तोडून बागेला ताण दिला जातो, हवेत गारवा येतो, आणि पानांमध्ये फुलोऱ्याचा निरोप देणारे प्रथिन वाढू लागते. लिंबूवर्गीय झाडाला हा निरोप दोन वाटांनी मिळतो : गारव्याने किंवा पाण्याच्या ताणाने. तापमान २० अंशांच्या खाली अनेक आठवडे राहिले की कळी पक्की होते. हवा २५ ते ३० अंशांत रेंगाळत राहिली की काम अर्धवट राहते. आमच्याकडे दोन्हींची सांगड घालून बहार धरतात. हलक्या मुरमाड जमिनीत ताण महिन्याभरात बसतो. भारी काळ्या जमिनीत ओल सुटता सुटत नाही, तिथे गारव्यावरच भिस्त जास्त. त्यामुळे डिसेंबर-जानेवारी उबदार गेले की पहिली चिंता भारी जमिनीच्या बागांची असते. कळीऐवजी नवती, म्हणजे नुसती कोवळी पालवी, फुटते, किंवा बहार एका झपाट्यात न येता दोन-तीन हप्त्यांत येतो.

हप्त्यांत आलेला बहार सांभाळणे किती अवघड आहे हे ज्याने सांभाळले त्यालाच ठाऊक. एकाच झाडावर कळी आहे, उमललेले फूल आहे आणि वाटाण्याएवढे फळही आहे. मार्चमध्ये अचानक ऊन चढले की तिघांवर तीन वेगळे परिणाम होतात, आणि आमच्या हातात असलेली शिफारस मात्र ‘फळधारणेनंतर’ अशा एका तारखेची असते.

फुलाच्या आत काय होते, त्यावर मला जरा थांबायचे आहे, कारण बागायतदारांच्या मेळाव्यांत खत, पाणी, कोळशी-डिंक्यासारखे रोग या सगळ्यांवर तासन्‌तास बोलणे होते आणि परागकणावर जवळजवळ कधीच होत नाही. कळी ज्वारीच्या दाण्याएवढी असताना तिच्यात परागकण घडत असतात. उष्णतेला सर्वांत हळवा असा हा टप्पा. परागकोशाच्या आतल्या बाजूला एक थर असतो, तो परागकणांना पोसतो. या दिवसांत तापमान फार चढले तर तो थर वेळेआधीच मोडतो आणि परागकण पोकळ राहतात. पुढे फूल वेळेवर उमलते, पांढरेशुभ्र दिसते, पण त्याचा पराग रुजत नाही. म्हणजे उष्णतेचा दिवस एक असतो आणि त्याचा परिणाम दिसायचा दिवस दुसराच. फूल उमललेल्या दिवशीचे तापमान पाहून निष्कर्ष काढला तर तो चुकणारच.

पराग सुदृढ असला तरी पुढची वाट सोपी नाही. लिंबूवर्गीय पिकांचा पराग २५ अंशांच्या आसपास उत्तम रुजतो. थंडी १० अंशांवर आली की तो जवळजवळ थांबतो, आणि पस्तिशीच्या पुढे रुजण्याचे प्रमाण घसरू लागते. संत्र्याच्या फुलातले कुक्षीचे, म्हणजे पराग झेलणाऱ्या भागाचे, टोक ओलसर, चिकट असते. पराग तिथे बसावा आणि फुगून रुजावा यासाठी ती ओल असते. मार्चमधली दुपारची कोरडी, तापलेली हवा ती ओल सुकवते. रुजलेल्या परागकणातून निघालेली नळी कुक्षीखालच्या दांड्यातून उतरत बीजांडापर्यंत, म्हणजे जिथे बी धरते तिथपर्यंत, पोचायला काही दिवस घेते. उन्हाळी हवेत ही नळी भराभर वाढते हे खरे आहे, पण बीजांडाचे आयुष्यही त्याच हवेत आखडते. नळी आणि बीजांड यांची वेळ जुळण्याची मुदत लहान होत जाते.

नागपुरी संत्र्यासाठी हे जास्त महत्त्वाचे आहे. वॉशिंग्टन नेव्हल किंवा सात्सुमा या जाती परागीभवन न होताही फळ धरतात. आमच्या संत्र्यात बिया असतात. बी धरली की कोवळ्या फळात जिब्रेलिन हे संजीवक (झाडातले वाढीचे संप्रेरक) वाढते आणि तेच फळाला देठावर टिकायला बळ देते. परागीभवन फसले की बिया कमी, संजीवक कमी, आणि झाडातल्या अन्नासाठी जी ओढाताण चालते तिच्यात ते फळ मागे पडते. स्पेन-कॅलिफोर्नियातले निष्कर्ष अभ्यासावेत जरूर, पण बिनबियांच्या जातींवरून काढलेला आकडा आमच्या झाडाला लावता येत नाही. उलटेही पाहायला हवे. नागपुरी संत्र्याच्या बिनबियांच्या निवडी आता लागवडीसाठी पुढे येत आहेत. बाजाराला त्या हव्याच आहेत. पण चाळिशीच्या उन्हात त्यांचे कोवळे फळ देठावर कितपत टिकते, हे रोप विकायच्या आधी कळायला हवे. संत्र्याचे झाड एकदा लावले की पंचवीस-तीस वर्षांचा संसार असतो.

मधमाशीचा विषय याला जोडूनच येतो. संत्र्याचा पराग जड आणि चिकट असतो, वाऱ्याने फारसा जात नाही. नागपुरी संत्र्याला दुसऱ्या जातीच्या परागाची सक्ती नसली तरी माश्यांच्या भेटींनी परागाची देवाणघेवाण वाढते. सातेरी, फुलोरी, आग्या या सगळ्या माश्या फुलोऱ्यात बागेत येतात. पोळ्यातली पिल्ले ३४-३५ अंशांवर वाढतात. बाहेर हवा चाळिशीकडे गेली की कामकरी माश्या पराग-मकरंद सोडून पाणी आणायला लागतात, कारण पोळे थंड ठेवायचे असते. फुलातला मकरंदही सुकतो. त्याच फेब्रुवारी-मार्चमध्ये नवतीवर सायट्रस सिला ही रस शोषणारी कीड येते आणि बागाबागांतून इमिडाक्लोप्रिड, थायामेथॉक्झामच्या फवारण्या होतात. ही औषधे मधमाशीला घातक आहेत. युरोपीय संघाने २०१८ मध्ये त्यांचा उघड्या शेतातला वापर याच कारणाने बंद केला. सिला सोडून द्या असे मी म्हणत नाही, तो झाड खातो. पण कळी फुटायच्या आत फवारणी कशी उरकायची, फुलोऱ्यात वेळ आलीच तर कोणते औषध आणि संध्याकाळी किती वाजल्यानंतर, हे कृषी सहायकाच्या तोंडून दर जानेवारीत प्रत्येक गावात ऐकू यायला हवे. महाबळेश्वरच्या मध संचालनालयाने मांघरला ‘मधाचे गाव’ उभे केले. संत्रा पट्ट्यात अशी गावे झाली तर मधाइतकाच फायदा फळाचा होईल.

फळ वाटाण्याएवढे झाले की बागायतदाराला वाटते, आता धरले. एप्रिल-मे अजून पुढे असतो. विदर्भातल्या मेबद्दल आपल्याला वेगळे सांगायला नको. नागपुरात २३ मे २०१३ ला ४७.९ अंशांची नोंद झाली आहे. एवढ्या उन्हात पानांची रंध्रे सकाळीच मिटतात. पान हवेपेक्षाही जास्त तापते, अन्न तयार करण्याचे काम जवळजवळ थांबते, आणि श्वसनातला खर्च मात्र रात्रंदिवस चालू राहतो. रात्रही उष्ण असली तर दिवसभरात जे काही साठले तेही जळते. दुपारी पाने कोवळ्या फळांतले पाणीदेखील ओढून घेतात, फळ किंचित आक्रसते आणि रात्री पुन्हा फुगते. असे रोज होत गेले की फळात अ‍ॅब्सिसिक आम्ल आणि इथिलीन ही गळ घडवणारी संजीवके वाढतात, देठाशी असलेल्या तुटीच्या थरातल्या पेशी सुट्या होतात आणि फळ गळते. झाड स्वतःला वाचवते. त्याच्या बाजूने ते बरोबरच आहे. आमच्या घरचे वर्ष मात्र त्यात जाते.

इथे एक बारकावा सांगतो, कारण तो रोजच्या पाण्याशी निगडित आहे. क्लिओपात्रा मँडरिन या संत्रावर्गीय जातीच्या रोपांवर झालेल्या प्रयोगांत असे दिसले की कोरड पडलेली असताना इथिलीनचा कच्चा माल मुळांत साठत राहतो, आणि पाणी दिल्यावर तो वर चढून पानगळ घडवतो. म्हणजे झाड सुकल्यावर एकदम भरपूर पाणी सोडणे हे गळीला आमंत्रण ठरू शकते. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये नेमके असेच होते. वरूड-मोर्शीचा भूजल उपसा कधीच मर्यादेबाहेर गेला आहे, बोअर सातशे-आठशे फुटांवर आहेत, वीज पाळीने येते. पाणी मिळेल तेव्हा बागायतदार मोकळ्या हाताने सोडतो. कमी पाणी, पण न चुकता आणि रोज, अशी शिफारस करायची तर तिला विजेच्या वेळापत्रकाची साथ लागते. ते आपल्या हाती नसेल, पण आपण लेखी मागणी करू शकता. बागायतदाराच्या अर्जापेक्षा कृषी आयुक्तांच्या पत्राला वजन जास्त आहे.

पावसाळ्याच्या सुरुवातीला फुटणाऱ्या मृग बहारावर थोडक्यात लिहितो, कारण त्याचे दुखणे वेगळे आहे. मेमधला ताण आणि जूनचा पाऊस यांच्या वेळेवर तो उभा असतो. २०२३ सारखा मोसमी पाऊस जूनच्या शेवटच्या आठवड्याकडे गेला की ताण लांबतो आणि झाडाची सल (वाळलेल्या फांद्या) वाढते. पाऊस येऊन खंड पडला की उमललेला बहार पुन्हा उन्हात सापडतो. त्याची नोंदही वेगळी ठेवावी लागेल.

आता ज्या गोष्टीने मला हे पत्र लिहायला बसवले तिच्याकडे येतो. २०२२ चा मार्च हा देशातला १९०१ पासूनचा सर्वांत तापलेला मार्च ठरला. २०२३ च्या फेब्रुवारीने सरासरी कमाल तापमानाचा १९०१ पासूनचा उच्चांक गाठला. २०२५ चा फेब्रुवारी सरासरी तापमानात १९०१ नंतरचा सर्वांत उष्ण फेब्रुवारी म्हणून नोंदला गेला. हे देशाचे आकडे आहेत, एकट्या विदर्भाचे नाहीत, आणि प्रत्येक वर्षी आमच्या तालुक्यात तसेच घडले असे मी म्हणणार नाही. पण फेब्रुवारी-मार्च हेच आंबिया बहाराच्या फुलाचे आणि फळधारणेचे महिने आहेत, आणि चार वर्षांत तीनदा देशातली उष्णता नेमकी याच महिन्यांवर चालून आली.

२०२२ च्या मार्चमध्ये गव्हाचा दाणा भरताना ऊन लागले, तेव्हा देशाला ते लगेच कळले. १३ मे रोजी गव्हाच्या निर्यातीवर बंदी आली. पुढच्या वर्षी फेब्रुवारी तापायला लागताच गव्हावरच्या परिणामावर लक्ष ठेवायला केंद्राने समिती नेमली. गव्हाच्या बाबतीत हे शक्य झाले, कारण दाणा भरण्याच्या काळात किती तापमानाला किती घट येते याचे मोजमाप दशकानुदशके झालेले आहे. गव्हासारखा संत्रा कोणाच्या रोजच्या भाकरीचा प्रश्न नाही, हे मला मान्य आहे. पण अमरावती आणि नागपूर जिल्ह्यांतल्या हजारो घरांची भाकरी त्याच्यावरच येते. मुलांचे शिक्षण, मुलीचे लग्न, सोसायटीचे कर्ज, सगळे बहारावर ठरते. २०१४ मध्ये नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकन मिळालेल्या या फळाचा फुलोरा किती अंशांवर किती टक्क्यांनी बसतो, हे बागायतदाराला मराठीतल्या एका पानावर वाचायला मिळाले पाहिजे.

विम्याचे तसेच आहे. हवामान आधारित फळपीक विमा योजना असणे ही चांगली गोष्ट आहे आणि तिच्यात जास्त तापमान हा धोका धरलेला आहे, याची मला कदर आहे. अडचण तिच्या रचनेत आहे. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, सलग इतके दिवस, कमाल तापमान इतक्या अंशांवर गेले तर भरपाई, अशी ती रचना. झाड तारखेने चालत नाही. एकाच शिवारात मुरमाड जमिनीतली बाग जानेवारीच्या मध्यात फुटते आणि नाल्याकाठची काळी जमीन फेब्रुवारीच्या शेवटी. १० मार्चचे ऊन एका बागेत वाटाण्याएवढ्या फळावर पडते आणि दुसऱ्या बागेत उमललेल्या फुलावर. नुकसान सारखे नसते, आणि भरपाईच्या कागदावर मात्र दोन्ही बागा एकच. शिवाय उष्ण रात्री त्या हिशेबात येत नाहीत, हवेची कोरड येत नाही, आणि डिसेंबर-जानेवारीतल्या उबेने कळीच धरली नाही तर त्याला काही नावच नाही. यातली प्रत्येक गोष्ट दुरुस्त होण्यासारखी आहे. पण विमा कंपनी आकडा मागेल, आणि तो आकडा द्यायचे काम संशोधन संस्थेचे व विद्यापीठाचे आहे.

हवामान केंद्रांबद्दलही बोलले पाहिजे. ३० मे २०२४ रोजी नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश दिसले. देशभर बातमी झाली, आणि नंतर भारतीय हवामान विभागाने संवेदक बिघडल्याचे स्पष्ट केले. शहरातला आकडा होता म्हणून दोन दिवसांत तपासला गेला. महसूल मंडळातल्या केंद्राचा संवेदक दोन अंशांनी कमी दाखवत राहिला तर कोण तपासणार? त्या दोन अंशांवर शेकडो बागांची भरपाई ठरते. महावेध या स्वयंचलित हवामान केंद्रांच्या जाळ्यातली केंद्रे राज्यात दोन हजारांहून जास्त आहेत. संत्रा पट्ट्यातल्या केंद्रांची तपासणी दर जानेवारीत, बहार फुटायच्या आधी करा आणि तिचा अहवाल ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा.

आपत्तीच्या यादीकडेही लक्ष वेधतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात केंद्राने आपत्ती निवारण निधीसाठी मान्य केलेल्या १२ आपत्तींत गारपीट होती, थंडीची लाट आणि हिमतुषार होते, किडीचा हल्ला होता. उष्णतेची लाट नव्हती. राज्याला मात्र या निधीतला १० टक्क्यांपर्यंतचा भाग स्थानिक आपत्तींसाठी वापरता येतो, आणि महाराष्ट्राने एप्रिल २०२३ मध्ये ‘सततचा पाऊस’ ही आपत्ती मानून वाट घालूनही दिली आहे. त्याच वाटेने फुलोऱ्यातल्या आणि फळधारणेतल्या उष्णतेचा प्रस्ताव आपण मंत्रिमंडळापुढे नेऊ शकता. त्यावेळी पहिला प्रश्न येईल : नुकसान मोजायचे कसे? गारपिटीचा मार खाल्लेले फळ दाखवता येते, न धरलेले फूल दाखवता येत नाही. म्हणून पुन्हा मोजणीकडेच येतो.

ही मोजणी अवघड किंवा खर्चिक नाही. प्रत्येक तालुक्यात हलकी, मध्यम आणि भारी जमीन धरून काही बागा ठरवा. जंभेरीच्या खुंटावर कलम केलेली झाडे आणि रंगपूर लाईमच्या खुंटावरची झाडे, दोन्ही घ्या, कारण खुंटाप्रमाणे पाण्याची ओढ बदलते. झाडाच्या चारही दिशांना फांद्यांवर खुणा करा. पश्चिमेची फांदी सोडू नका. दुपारचे ऊन तिच्यावरच असते. कळी दिसल्यापासून आठवड्यातून दोनदा कळ्या, फुले, गाठी मोजा. फूल पानासह आलेल्या डहाळीवर आहे की नुसत्या फुलांच्या डहाळीवर, तेही लिहा, कारण पानासह आलेले फूल जास्त टिकते. झाडाच्या घेरात, सावलीत, एक साधा तापमान-आर्द्रता नोंदक टांगा, जो रात्रीचेही लिहील. फुलोऱ्यात तीन-चार वेळा पराग गोळा करून प्रयोगशाळेत २५, ३०, ३५ आणि ४० अंशांवर रुजवून पाहा. कृषी महाविद्यालयातले विद्यार्थी हे काम उत्तम करतील. पदवीचा शेवटचा हंगाम त्यांना शेतात काढायचाच असतो. तीन वर्षे असे झाले तर विदर्भाच्या हाती स्वतःचा आकडा येईल.

सोबत उपायांचीही तुलना होऊ द्या. जिब्रेलिक आम्ल १५ पीपीएम, म्हणजे १०० लिटर पाण्यात दीड ग्रॅम, युरियाबरोबर फवारायची शिफारस बागायतदारांना माहीत आहे. ती ४२ अंशांच्या आठवड्यात किती फळ वाचवते आणि ३६ अंशांच्या आठवड्यात किती, हे वेगवेगळे सांगा. केओलीन या पांढऱ्या मातीची फवारणी, बुंध्याभोवतीचे गवताचे आच्छादन, पश्चिमेच्या बांधावर शेवरी किंवा बांबूची वाराप्रतिबंधक रांग, दुहेरी आळे, हे सगळे त्याच बागांत शेजारी-शेजारी करून बघता येईल. वाराप्रतिबंधक रांगेवर माझा विशेष भर आहे. आमच्या आजोबांच्या पिढीने धुऱ्यावर झाडे राखली होती. पुढे एकेक ओळ संत्र्याची वाढवण्यासाठी ती तोडली गेली, आणि आता एप्रिलचा वारा बागेतून आरपार जातो. रांग परत लावायला चार-पाच वर्षे जातील. त्यासाठीच अनुदान आज हवे.

पावसाळी गळीबद्दल कोणाचा गैरसमज होऊ नये. ऑगस्टमधली गळ बुरशीची आहे, देठसुकीची आहे, रस शोषणाऱ्या पतंगांची आहे, पाणी साचल्याने गुदमरलेल्या मुळांची आहे. तिच्यावरचे काम एक दिवसही थांबू नये. पण मे महिन्याच्या उन्हातून निघालेले झाड पावसाळ्यात अशक्तच शिरते, आणि दोन्ही गळींचा हिशेब एकाच वहीत मांडल्याशिवाय कोणती किती हे कधी कळणार नाही.

यंदाचा ताण डिसेंबरात सुरू होईल. मोजणी त्याआधी उभी राहिली तर पहिलाच आंबिया बहार हाती येतो, नाहीतर पूर्ण वर्ष जाते. आमच्या भागातले बागायतदार बागा देतील, फांद्यांना खुणा करतील, नोंदवही भरतील. माझ्या बागेतली तिन्ही प्रकारच्या जमिनीवरची झाडे आपण हवी तेव्हा घ्यावीत. कोणत्या फांदीवर, कोणत्या दिवशी, काय मोजायचे याचा मराठीतला एक पानी नमुना नोव्हेंबरअखेर वरूड, मोर्शी, काटोल आणि नरखेडच्या तालुका कृषी कार्यालयांत पोचवावा, आणि नोंदींसाठी कोणाशी बोलायचे त्या अधिकाऱ्याचे पद त्यावर छापावे, ही विनंती.

कळावे,
एक संत्रा बागायतदार
ता. वरूड, जि. अमरावती